सिंह आणि अर्धा चमचा साखर

"पत्रिका आम्ही मानत नाही," म्हणत देवस्थळीबाईंनी केतकीसमोर लेकाच्या तीन व्यक्तिमत्त्व चाचण्यांचे निकाल मांडले. "पहिलीत सौमित्र सिंह निघाला, दुसरीत लाल रंग, तिसरीत अग्नी. तीन पैलू आहेत हो त्याला!"

मानसशास्त्र शिकवणाऱ्या केतकीने तिन्ही वाचले. पैलू कसले नि काय! नावं निराळी, खाली स्वभाव एकच: हुकूम सोडायचा आणि समोरच्याला बोलू द्यायचं नाही.

आणि हा वनराज तर खाली मान घालून पोहे चिवडत होता. केतकीच्या आईने त्याला विचारलं, "चहात साखर चालते ना?"

त्याने स्वतःच्या आईकडे पाहिलं.

"अर्धा चमचा," देवस्थळीबाई म्हणाल्या.

केतकी चक्रावली. तिन्ही चाचण्या एकदम इतक्या चुकतील कशा?

"काकू, प्रश्नांची उत्तरं कोणी दिली?"

"मीच! शाळेपासून त्याचे सगळे फॉर्म मीच भरते. त्याला कुठे काय कळतंय!"

केतकीने कागद नीट जुळवून त्यांच्या हाती दिले. "निकाल बिनचूक आहेत, काकू. फक्त वरचं नाव चुकलंय."

वनराजाला खुदकन हसू आलं. लगेच त्याने आईकडे पाहिलं.