रागाचा गृहपाठ

“या घरात माणसं राहतात की रेडिओ?” बायको कडाडली आणि हातातली मोजपट्टी टेबलावर आपटली. टेबलावरचे दोन रेडिओ हादरले.

रेडिओवाल्याने चहाचा घोट घेतला आणि कौतुकाने मान डोलावली. “छान! पण हे ‘स्नॅप’ नव्हे. स्नॅप म्हणजे फटकन तोडून बोलायचं आणि गप्प व्हायचं. तू तर थेट ‘ब्लो अप’ केलंस, म्हणजे स्फोटच. दहापैकी सहा.”

“बरं,” असं म्हणून बायको आत गेली. आतून एक पातेलं जरा जास्तच जोरात वाजलं.

तिने इंग्रजीचा क्लास लावला तेव्हा त्यानेच तिची पाठ थोपटली होती. क्लासच्या मास्तरांची एक पद्धत होती. शिकवलेला प्रत्येक शब्द घरी जाऊन करून दाखवायचा. पावसाचे शब्द झाले, भाज्यांचे झाले आणि मग आले रागाचे. या घरात आवाज चढवायला सक्त मनाई होती. कुणी तक्रार केली की रेडिओवाला गोड हसायचा, “शांतपणे बोलू” म्हणायचा, आणि ते शांतपणे बोलायचा दिवस काही केल्या उजाडायचा नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? गृहपाठाला मात्र त्याची हरकत नव्हती. उलट आपलं इंग्रजी दाखवायला त्याला आयतीच संधी मिळाली.

‘फ्लेअर अप’ला ती भडकली, कारण दुकानात न मावणारे दुरुस्तीचे रेडिओ आता स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत आले होते. ‘लॅश आऊट’ला तिने तोंडाचा पट्टा सोडला. माझं शिलाई मशीन बाथरूमच्या दाराशी नेऊन ढकललंय. हॉटेलचे पडदे शिवायचं एवढं मोठं काम चालून आलंय. ते पसरायला हा हॉल रिकामा हवा, नाही तर काम दुसरीकडे जाईल आणि पुन्हा येणार नाही. रेडिओवाल्याने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि उच्चार सुधारल्याचं सांगितलं.

‘फ्लाय ऑफ द हँडल’ म्हणजे कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटावं तसा राग, हे त्यानेच तिला समजावलं. त्या संध्याकाळी ती अशी निसटली की शेजाऱ्यांनी खिडकी उघडली.

“काही नाही, गृहपाठ चाललाय!” रेडिओवाल्याने अभिमानाने सांगितलं. शेजाऱ्यांनी खिडकी काही लावली नाही. त्यांनाही इंग्रजी शिकायचं असावं.

कोपऱ्यातल्या कॉटवर त्याची आई पाय आखडून बसलेली असे. पाय पसरायच्या जागी रेडिओ होते. “मला बाई इंग्रजीतलं काही कळत नाही,” असं म्हणून ती सुनेकडे बघत राहायची.

आणि एका दुपारी खुद्द मास्तरच बंद पडलेला रेडिओ घेऊन दुकानात आले.

“या, या! मास्तर, तुमचे रागाचे शब्द भलतेच लांबले हो,” रेडिओवाला म्हणाला. “पण बायको तयार झाली हं. काल ‘हिट द रूफ’ला, म्हणजे छताला भिडणाऱ्या रागाला, मी नऊ मार्क दिले.”

मास्तर बुचकळ्यात पडले. “रागाचे शब्द? ते तर एका तासात उरकले. आणि वहिनींनी त्याच दिवशी क्लास सोडला. ‘मला हवं ते मिळालं’ म्हणाल्या.”

रेडिओवाल्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. पट्टी, पातेलं, पडदे, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. बायको जीव तोडून सांगत होती आणि आपण मार्क देत बसलो होतो! त्याला लाज वाटली, अगदी कानांपर्यंत. पण लाज घेऊन बसायची त्याला सवय नव्हती. थोड्याच वेळात त्या लाजेचा संताप झाला. घरच्या घरी आपल्याला मूर्ख बनवलं! त्याने भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि तरातरा घर गाठलं.

“तुझा क्लास केव्हाच सुटलाय!” दारातूनच तो गरजला. घराला हा आवाज नवा होता. “म्हणजे तो राग सगळा खरा होता?”

“पहिल्या दिवसापासून,” बायको म्हणाली. “खरा आहे म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतंत?”

उत्तर नसलं की माणूस साक्षीदार शोधतो. तो कॉटकडे वळला.

“आई, बघितलंस? इतके दिवस ही आपल्याला फसवत होती! आता तूच बोल हिला.”

आईने चष्मा काढून उशीखाली ठेवला आणि ती कॉटला धरून सावकाश उभी राहिली.

“बोलते ना,” ती म्हणाली. “तू आधी माझ्या पायाशी ठेवलेले हे रेडिओ उचल. मग टेबलावरचे, मग ओट्यावरचे. तुझं उचलून होईपर्यंत मी बोलते.” मग ती सुनेकडे वळली. “मला ते इंग्रजी शब्द येत नाहीत गं. मराठीतच चालेल ना?”