गुळाशिवाय अळूवडी

"आई, तुम्ही जरा लांब व्हा. ही दारू आहे," निवेदिता म्हणाली.

"दिसतंय मला. सरबतासाठी कुणी एवढं रडत नाही," तिच्या सासूबाई, सुप्रभाताई म्हणाल्या.

लंडनमधल्या ईलिंगच्या त्या वीतभर किचनमध्ये सकाळपासून नुसती रणधुमाळी चालली होती. निवेदितानं बँकेतली भरभक्कम नोकरी सोडून वाइनचा कोर्स केला होता. आज तीन वाजता एका नव्या रेस्टॉरंटची मालकीण चाखायला येणार होती. आठ वर्षं मुरलेली जर्मन ड्राय रीसलिंग ही पांढरी वाइन आणि तिच्या जोडीला एकच मराठी पदार्थ. जमलं तर काम हिचं, नाही तर सोमवारी मुकाट्यानं बँकेला फोन. थालीपीठ झालं, सुरमई झाली, अळूवडी झाली. पहिल्या दोन्हींशी चव जुळेना आणि अळूवडीबरोबर घोट घेतला की वाइन नुसती आंबट लागायची. दीड वाजता पोरीनं हात टेकले.

सुप्रभाताईंनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्यांनी सरळ ग्लास उचलला. त्यांनी तो नाकाशी धरला, डोळे मिटले.

"लिंबाची साल. हिरवं सफरचंद," त्या म्हणाल्या. "आणि मागे रॉकेल. स्टोव्हला पिन मारताना वास यायचा ना, तसा."

मुरलेल्या रीसलिंगमधला तो रॉकेलचा वास ओळखायला निवेदिताला तीन महिने लागले होते. अर्ध्या वर्गाला तर शेवटपर्यंत आला नव्हता!

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. लग्न झाल्यापासून तिखटमीठ नाकानंच बघतेय मी." मग त्यांनी थंड झालेली वडी हुंगली. "तुझ्या वाइनमध्ये गोडाचा कण नाही आणि इथे हा एवढा गूळ. त्याच्यापुढे ती बिचारी आंबटच लागणार. गूळ काढ."

"अळूवडीतला गूळ?"

सदाशिव पेठेतल्या बाईनं हे म्हणावं! निवेदिताला स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

"काढ म्हणते ना. चिंच निम्मी कर. तीळ-खोबरं हात सैल सोडून घाल. मीठ चिमूटभर जास्त."

नवे उंडे वाफवले, कापले, तळले. तीनला पाच कमी असताना निवेदितानं एक वडी खाल्ली आणि घोट घेतला.

सकाळपासून रुसलेली वाइन आता बोलायला लागली होती. आधी खमंग तीळ, मग लिंबू, मग तो रॉकेलचा पुसटसा वास, आणि सगळं कसं एकमेकांना धरून. तिचे डोळे भरून आले.

"आई गं! एक थेंब न चाखता?" ती कशीबशी म्हणाली. "नुसत्या वासावर?"

दाराची बेल वाजली. सुप्रभाताई जागच्या हलल्या नाहीत. पदराला हात पुसत त्या सुनेच्या चेहऱ्याकडेच बघत होत्या.

"पन्नास वर्षं न चाखता रांधतेय, निवेदिता. देव काही बोलत नाही, आणि तुझे सासरे त्याच्याहूनही कमी बोलतात. खाणाऱ्याला कसं लागलं, ते आज पहिल्यांदा कळलं."