म्हावरा न खाणारी मांजर

मांजरीने ओल्या बोंबलाकडे पाहिलं, एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं.

अंगणात जमलेल्या बायकांत हसू फुटलं. उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेल्या जनाबाईने मान वर केली नाही. कोळंबी झाली, तळलेली मांदेली झाली, खाडीतून पहाटे आणलेल्या निवट्या झाल्या. मांजर कशाला शिवली नव्हती. बाळकुमच्या कोळ्यांच्या आळीत म्हावरा न खाणारी मांजर आलीय, ही बातमी चार दिवसांत खाडीपलीकडे पोचली.

मांजर आणली होती गोदाने, जनाबाईच्या सुनेने. गोदा ठाण्यात जनावरांच्या एका दवाखान्यात कामाला होती. तिथे पिंजरे चार आणि लंगडी-लुळी जनावरं पंधरा. म्हणून डॉक्टरीणबाई बरी होत आलेली कुत्री-मांजरं ओळखीच्या घरी दोन-तीन आठवडे ठेवायला देत आणि तेवढ्यात त्यांच्यासाठी कायमचं घर शोधत. गोदाकडे आतापर्यंत दोन पिल्लं आणि एक आंधळा कुत्रा राहून गेला होता. तेव्हा जनाबाई काही बोलली नव्हती. कुत्रा निदान राखण तरी करतो. पण पायाला प्लास्टर घातलेली ही करडी मांजर गोदाच्या पिशवीतून बाहेर आली, तेव्हा जनाबाईने सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सुनावलं. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन म्हावरा विकला, त्यातला अर्धा जीव मांजरी हाकलण्यात गेला. या घरात मांजरीला काटासुद्धा मिळणार नाही.

आणि मांजरीनेच काटा नाकारला. आळीला याचा भलताच आनंद झाला. संध्याकाळी गोदा कामावरून आली की कुणी ना कुणी ताटली झाकून हजर. शेजारचा महिपत हाताचा एवढा घट्ट, पण तोही सुरमईचा तुकडा घेऊन आला. मांजरीने नाक मुरडलं, तसा तो तुकडा त्याने तिथेच उभ्याउभ्या स्वतः खाल्ला. ही मागल्या जन्मीची माळकरीण आहे, असं आळीतल्या रंगूबाईने जाहीर करून टाकलं आणि तिचं तेच नाव पडलं.

प्लास्टर काढताना डॉक्टरीणबाई मात्र चक्रावल्या. नुसत्या दूधभातावर माळकरीण दीडपट झाली होती. गोदाच्या हाताला गुण आहे, असं त्यांनी ठरवलं.

मग गोदाच्या सुट्टीच्या दिवशी वाण्याच्या दुकानातल्या फोनवर दवाखान्याचा निरोप आला. माळकरणीला घर मिळालं होतं. डोंबिवलीच्या आगाशे नवराबायकोची मांजर म्हातारपणाने गेली होती. ती होती प्रेमळ, पण शेजाऱ्यांकडून माशाचं डोकं पळवायची आणि कुमुदताईंच्या देवघरात नेऊन ठेवायची, अगदी नैवेद्यासारखं. तसं पुन्हा नको आणि मांजरीवाचून घर तर खायला उठलेलं. म्हावरा न खाणारी मांजर आहे म्हटल्यावर कुमुदताईंना रात्रभर झोप आली नाही.

रविवारी दुपारी दोघं आली. पुढे कुमुदताई, मागे वेताची नवी टोपली सांभाळत प्रभाकरराव. आळी लग्नघरासारखी जमली होती. खात्री पटावी म्हणून रंगूबाईने बोंबील पुढे धरला. माळकरणीने शांतपणे तोंड फिरवलं. टाळ्या पडल्या. कुमुदताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आम्हाला अश्शीच हवी होती," त्या म्हणाल्या. त्यांनी मांजर अलगद टोपलीत ठेवली आणि झाकण लावलं.

टोपलीतून मांजर ओरडली. एकदाच.

"झाकण काढा," जनाबाई म्हणाली.

सगळे वळले. जनाबाई दाराची चौकट धरून उभी होती. काय झालं, म्हणून गोदाने विचारलं. जनाबाईने आळीकडे पाहिलं नाही, सुनेकडेही नाही. ती टोपलीशीच बोलली.

"ती म्हावरा खाते. माझ्या हातचा. गोदा कामावर गेली का सकाळी, मग दुपारी, मग तुम्ही सगळ्या यायच्या आधी परत एकदा. तिच्या पोटात जागाच नाय उरत. आज ती जायची, म्हणून जरा जास्तच घातला."

कुणाला खरं वाटेना. जनाबाई आत गेली, कालवणाचा टोपच उचलून घेऊन आली आणि त्यातली एक कोळंबी तिने तळहातावर धरली. प्रभाकररावांनी झाकण काढलं, तशी माळकरीण टोपलीतून उतरली. पोट टम्म, पाऊल पडेना, तरी डुलत डुलत आली आणि जनाबाईच्या हातावरची कोळंबी तिने डोळे मिटून खाल्ली.

आधी रंगूबाई हसली. हसता हसता ती ओट्यावरच बसली. मग महिपत, मग गोदा, मग सगळी आळी. चाळीस वर्षांचं वैर भर दुपारी चारचौघांत मोडलं, आणि जनाबाईलाही हसू आवरेना. तिने मांजर सरळ मांडीवर घेतली आणि बसली.

कुमुदताई तेवढ्या हसल्या नाहीत. पण रागावल्याही नाहीत. ही ज्याची त्याच्याकडेच बरी, असं म्हणून त्यांनी मांजरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या रस्त्याकडे चालू लागल्या.

रिकामी टोपली उचलायला प्रभाकरराव मागे राहिले. बायको वळणाआड गेल्याचं त्यांनी नीट पाहून घेतलं. मग ते जनाबाईपाशी वाकले. त्यांची नजर मांजरीवर नव्हती, कालवणाच्या टोपावर होती.

"आजी, दर रविवारी मांजरीला बघायला आलो तर चालेल का? जेवायच्या वेळेला येईन."