पेन्सिलीएवढी बट

कात्री, फॉइल आणि पाकीट मी टेबलावर मांडून ठेवली होती. लावण्याच्या डोक्यामागची पेन्सिलीएवढी जाड बट मुळाशी कापायची, एवढंच काम होतं.

पार्टीत तिच्या सरबतात काहीतरी मिसळून तिच्यावर अत्याचार झाला, त्याला सहा आठवडे झाले होते. घरचे हादरलेले, तक्रार द्यायला पाच दिवस गेले. तोवर रक्तात, लघवीत काही सापडेना. पोरगी शुद्धीत होती, राजी होती, असं आरोपीचा वकील बिनदिक्कत सांगत होता. पण असं औषध त्या दिवसांत वाढलेल्या केसांत महिनोन्महिने टिकतं; नंतर उगवलेल्या केसांत ते उतरत नाही. म्हणून प्रयोगशाळेच्या मागे लागून मी केसांची तपासणी मान्य करून घेतली आणि तिला दवाखान्यात बोलावलं.

ती आईबरोबर आली. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली.

"ओढणी काढ गं जरा," मी म्हटलं.

तिने काढली. गुळगुळीत डोक्यावर जेमतेम खुंट दिसत होते.

"गेल्या शनिवारी तिरुपतीला जाऊन आलो, मॅडम," आई म्हणाली. "घरी आणलं तेव्हा दिवसभर डोळे उघडत नव्हती. बालाजीला बोलले होते, हिला शुद्धीवर आण, हिचे केस वाहीन."

केस कापू नका, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा.

माझ्या हातातल्या कात्रीकडे आईचं लक्ष गेलं.

"केस पायजे होते का? वाढतील की दोन महिन्यांत," ती घाईघाईने म्हणाली. "तेव्हा घ्या."

"हो," मी म्हटलं आणि कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.