खरी गोळी

अक्काताई आणि प्राची सख्ख्या जावा, दोघींनाही संधिवात. कोल्हापूरच्या दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी सुरू झाली, तेव्हा दोघींनी बरोबरच नाव दिलं. "कुणाच्या बाटलीत औषध आणि कुणाच्या बाटलीत नुसती पिठाची गोळी, हे मलाही माहीत नाही," असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दोन महिन्यांत प्राचीची आखडलेली बोटं सुटली. ती पुन्हा भाकरी थापू लागली, शेजारणी कौतुकानं बघायला येऊ लागल्या. अक्काताईंना मात्र पोलक्याचं बटणही लावता येत नव्हतं. 'हिच्याच नशिबात खरी गोळी!' प्राचीच्या बोटांकडे बघत त्या मनात जळायच्या. एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्यांची अदलाबदल केली. दीड महिन्यात त्यांचा हात हलका झाला आणि प्राचीची बोटं पुन्हा सुजली. "माझं ऱ्हाऊ दे, तुमचा हात तरी सुटला की वो अक्का!" असं म्हणत प्राची रोजच्यासारखी त्यांची वेणी घालायला बसली. बोटं केसांत अडखळत होती, तरी तिनं वेणी पुरी केली. अक्काताईंना ते सोसवेना. पुढच्या तपासणीला त्यांनी प्राचीसमोरच डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. "आता दोघींनाही चाचणीत ठेवता येणार नाही," डॉक्टर म्हणाले, "गोळ्या आजपासून बंद." प्राची टेबलावरच्या अक्काताईंच्या सरळ झालेल्या बोटांकडे बघत राहिली. ती नजर अक्काताईंच्या चांगलीच ओळखीची होती.