विमानांचा रकाना

मानवाने अखेर स्वतःचा तारा निर्माण केला आहे. त्या रात्री तो काइपोच्या मूत्राशयावर टिकून होता.

बेटावरच्या डोंगरमाथ्यावरील दुर्बिणीतून निघालेला पिवळा लेसर नव्वद किलोमीटर वर जाऊन, उल्कांच्या राखेतून उरलेला सोडियमचा थर उजळवत होता. तो ठिपका म्हणजेच हा तारा. हवेमुळे तो जसा थरथरे, तसा दुर्बिणीचा आरसा स्वतःला सावरून घेई. काइपोचं काम साधं: बाहेर खुर्चीत बसून आकाश बघायचं, विमान आलं की वैमानिकाचे डोळे दिपू नयेत म्हणून लाल बटण दाबून लेसर बंद करायचा आणि फॉर्मवर विमान नोंदवायचं. खुर्ची सोडायची तरी बटण दाबायचंच. हिवाळ्यात सोडियम दाट असतो. हिवाळ्यात लघवीही वारंवार लागते.

रात्री बारा वाजता, अकरा हिवाळे हेच काम करणाऱ्या पुआनानी मावशीने पाळी सोपवली. तिच्या फॉर्मवर दोन विमानं होती.

"मावशी, मला तर येताना एकही दिसलं नाही."

"बाळा, फॉर्मवर लघवीचा रकाना दिसतो का तुला?" ती खो-खो हसली. "दोन वाजले की तुलाही दिसेल विमान. पहिलीच पाळी आहे, नोकरी सांभाळ. आणि चहा पिऊ नकोस."

चहा पिऊन झाला होता.

दीडला वॉकीटॉकीवर माइके आली. हॉलंडहून आलेली खगोलशास्त्रज्ञ, आत संगणकापुढे बसलेली.

"काइपो, तीन वर्षं अर्ज केले तेव्हा दुर्बिणीवर ही अर्धी रात्र मिळालीये. थर आज काय जाड आहे! लेसर एकदा बंद झाला तर जुळवायला पाऊण तास जातो. हलू नकोस रे."

काइपो हलला नाही. अडीचला त्याने पायांची अढी घातली. तीननंतर त्याने समुद्राचा विचार टाळायचं ठरवलं. बेटावर जन्मलेल्या माणसाला ते जड जातं.

साडेपाचला लेसर थांबला. माइके मिठी मारायला धावत आली. काइपो तिला वळसा घालून पळाला. परत येऊन त्याने ऐटीत लिहिलं: विमानं, शून्य.

दुपारी व्यवस्थापक ताकेदांनी बोलावलं. टेबलावर अकरा हिवाळ्यांचे फॉर्म होते.

"अकरा वर्षांत विमानाशिवाय एक पाळी गेलेली नाही. तुझ्याच पाळीत शून्य? झोपला होतास?"

खरं बोलावं, तर मावशीची अकरा वर्षांची विमानं उघडी पडणार.

"हो बॉस," काइपो म्हणाला, "डोळा लागला."

संध्याकाळी डोंगरावर जाणाऱ्या गाडीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

त्या डोंगरावरून रात्री विमानांचा मार्गच नाही.