सहावा चौक

"पाच चौक झाले, अजून चहाचं नाव नाही," जीपमध्ये साहेब पुटपुटले.

मागे गिरजाबाई बसल्या होत्या. त्यांचा नवरा, पालिकेचा सफाई कामगार, गटारात उतरला आणि गुदमरून गेला. त्याचाच ब्राँझचा पुतळा शहरात कुठे बसवायचा, ते आज ठरणार होतं. प्रत्येक चौकात काहीतरी आडवं येत होतं. इथे कारंजं, तिथे मंगल कार्यालय, वरातीला अपशकुन नको.

सहाव्या चौकात त्या उतरल्या आणि रस्त्यातल्या गटाराच्या चेंबरच्या लोखंडी झाकणाशेजारी उभ्या राहिल्या. "हितंच गेले हे. हितंच बसवा. रोज एक फूल ठेवीन."

साहेबांनी ट्रॅफिकचं कारण सांगितलं. इंजिनिअरने पाइपलाइनचं. गिरजाबाई हलेनात.

शेवटी सोबत आलेला सफाई कामगारांचा म्हातारा मुकादम खाली बघत म्हणाला, "वहिनी, हे झाकण मोकळंच लागतं. आपण अजून माणसंच उतरवतो आत."